हिरामणच्या दहा बिड्या

नागपूरच्या डॉक्टरनं औषध कमी दिलं आणि प्रश्न जास्त. गोळ्या देवकाबाईनं मिठाच्या बरणीमागे ठेवल्या. प्रश्नांचा छापील कागद मनोहरच्या शर्टाच्या खिशात राहिला, आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत त्या एका कागदानं घरात जेवढी भांडणं लावली तेवढी मालती सून म्हणून आली त्या वर्षीही लागली नव्हती.

कागदाचा विषय होता हिरामणची छाती. चौतीस वर्षं पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कापसाशी झटणारा हा माणूस गेल्या पावसाळ्यापासून घर ते विहार एवढ्या अंतरात तीनदा थांबायला लागला होता. सगळे आधी दमा म्हणाले, मग वय म्हणाले. शेवटी थोरला मनोहर त्याला पॅसेंजरनं नागपूरला घेऊन गेला. मनोहर नगरपालिकेत कारकून असल्यामुळे घरात शिकलेला तोच धरला जाई. तिथं एका तरुण डॉक्टरनं हिरामणला नळीत फुंकायला लावलं. हिरामणनं डोळे मिटून, सगळा जीव एकवटून फुंकलं. काटा जेमतेम थरथरला.

"मशीन बिघडली असन," हिरामण म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, हा दमा नाही. वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि धुळीनं श्वासाच्या नळ्या अरुंद होतात, त्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. आता उरलंय तेवढं सांभाळायचं. मग त्यानं विचारलं, "रोज किती बिड्या?"

"एकही नाई."

डॉक्टरनं तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तो हिरामणकडे न बघता मनोहरकडे बघून हसला, आणि त्या हसण्यानं सगळं बिघडलं.

दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. हिरामणनं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पंचशीलातल्या पाचव्या शीलात दारूच्या शेजारी बिडीलाही बसवून टाकलं. ते तिथं बसतं की नाही यावर विहारात दोन गट होते. पण हिरामणसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. मोहगाव, बोरगाव, सौंसर, जिथं सभा होई तिथं तो उभा राही आणि लोकांच्या खिशातली बंडलं बाहेर काढायला लावी. त्याला लोक 'बिनधुराचे हिरामण' म्हणत. स्वतः त्यानं आयुष्यात बिडी तोंडाला लावली नव्हती. आणि आता त्याचाच मुलगा नागपूरहून परत आल्यापासून त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता.

रविवारी सकाळी मनोहरच्या बायकोनं, मालतीनं, मामाजींचा म्हणजे सासऱ्याचा सदरा धुवायला घेतला आणि आधी नाकाशी धरला. वास कापसाचा होता, घामाचा होता, थोडा खोबरेल तेलाचा होता. तेवढ्यात मागून सासूचा, देवकाबाईचा आवाज आला.

"काय हुंगून राहिली?"

"साबण लागन का, ते पाहून राहिली."

"साबण नाकानं पाह्यते वाटते तुमच्या माहेरी."

मालतीनं सदरा बादलीत टाकला. खरं म्हणजे तिला मामाजींच्या बिड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता कागदातल्या सातव्या प्रश्नात: स्वयंपाकाला जळण कोणतं? स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी आहे काय? सहा वर्षं ती या घरात खिडकी मागत होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर त्या खोलीत असा कोंडे की भाकर तव्यावर आहे की तव्याखाली हे हातानं चाचपून बघावं लागे. देवकाबाईचं म्हणणं, खिडकीतून मांजर येते. आता तिची खिडकी दवाखान्याच्या कागदावर छापून आली होती. कागद भरला जायलाच हवा, असं मालतीनं ठरवून टाकलं.

कागद मंगळवारपर्यंत पोचवायचा होता. आणि दुपारी सौंसरहून होणारा इवाई, म्हणजे व्याही, शालिकराम येणार होता. सौंसरच्या तहसिलीत चपराशी असलेल्या या शालिकरामची मुलगी इंदू धाकट्या सुखदेवला सांगून आली होती, आणि आज साक्षगंधाचा दिवस ठरायचा होता. सोयरीक जमली होती ती सुखदेवच्या नोकरीवर. जिनिंगची रीत अशी की पक्क्या कामगाराचा दम संपला की त्याच्या जागी त्याचा मुलगा घेत. कापसाचा हंगाम उद्या, सोमवारी, सुरू होत होता आणि सुखदेव उद्यापासून पक्का होणार होता.

"इवाई यायच्या आधी हे उरकून टाकू," मनोहर सतरंजीवर बसत म्हणाला. "बाबा, इकडं या. काकाजी, तुमी बी बसा. बिडी बाहेर."

काकाजी म्हणजे हिरामणचा धाकटा भाऊ गुणवंता, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा हमाल. भावाच्या सगळ्या शिकवणीला पुरून उरलेला तो एकटाच. बिडी बाहेर म्हटल्यावर त्यानं धूर बाहेर सोडला आणि बिडी आत आणली.

"पैला सवाल बिडीचाच हाय," मनोहर म्हणाला. "बाबा, खरं सांगा. आपलंच घर हाय."

"म्हणजे कालपावेतो मी खोटं सांगत होतो?"

"तसं नाई. पण डॉक्टर म्हणे, असं जास्त करून बिडीवाल्यायलेच होते."

"जास्त करून म्हणजे सगळ्यायलेच नाई ना?" गुणवंता मध्ये पडला. "मी चाळीस वर्षं वढून राहिलो. पोतं उचलून धावतो. माह्याकडं पाहा." एवढं बोलून तो असा खोकला की मनोहरनं कागद बाजूला घेतला.

"लहानपणी छातीचा आजार झाला होता का, असं बी हाय," मनोहरनं विषय बदलला.

"झाला होता ना!" गुणवंता खूश झाला. "डब्बा झाला होता दादाले. मायनं सांगितलं होतं. पोटावर चटके देले होते. दादा, दाखव."

"कायले दाखवू? कागदावर चिकटवता का माहं पोट?"

"लिहा, डब्बा," मालती दारातून म्हणाली. "अन सातवा सवाल बी घ्या."

"तू सातव्याची घाई नको करू," देवकाबाई म्हणाली. सातव्यात काय आहे ते तिला शुक्रवारीच कळलं होतं. "माह्या चुलीचं नाव त्या कागदावर नाई गेलं पाह्यजे. मी काय यायले धुरात कोंडून ठेवलं होतं? चुलीपाशी मी बसते. मग माही छाती काऊन नाई गेली?"

रोज पहाटे सासू अंगणात बसून पाव घंटा खोकते हे मालतीला ठाऊक होतं. पण आज खिडकी मिळवायची होती, भांडण नव्हे.

"बरं, काम," मनोहर म्हणाला. "कोणतं काम, किती वर्षं, धूळ होती का."

"जिनिंगमधी रुई उडते, धूळ कुठची?" हिरामण म्हणाला. "अन रुईचं काय? गूळ खाल्ला ना मी."

हे उत्तर चौतीस वर्षं सगळ्यांना पुरलं होतं. पाळी सुटली की मुकादम फाटकावर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गूळ नरड्यातली रुई धरतो, पोटात नेतो आणि सकाळी बाहेर काढतो, यावर कामगारांचा पक्का भरवसा होता. हिरामणनं एक दिवस खडा चुकवला नव्हता. नवे लोक हयगय करत तेव्हा तोच त्यांना दटावी.

मनोहर चाचरला. "मी डॉक्टरले गुळाचं सांगितलं होतं. तो म्हणे, गूळ जाते पोटात अन रुई जाते छातीत. दोघायचा रस्ता वेगळा. त्यायची गाठच पडत नाई."

"नरडं तं एकच हाय," गुणवंता म्हणाला.

"खाली दोन फाटे हायेत, काकाजी. जसं आपल्या टेशनावर रूळ बदलते, तसं."

रुळांची गोष्ट गुणवंताला पटली. त्याला पटली म्हणताच ती सगळ्यांनाच पटली. चौतीस वर्षांचा गूळ फुकट गेला होता. मालतीच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मग सुखदेवभाऊजी उद्यापासून तिथंच...?"

पुढचं तिनं गिळलं. पण देवकाबाईचा हात आपोआप धाकट्याच्या पाठीवर गेला. "नाई जाचं मग," ती म्हणाली. "माहा पोरगा नाई जाचा तिथं."

"माय, आता इंदूचे बाबा येऊन राहिले," सुखदेव म्हणाला. सकाळपासून तेल लावून, भांग पाडून बसलेला तो.

हिरामणनं त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा मुलगा. संत्र्याच्या हंगामात मंडीत पेट्या ठोकायचा, बाकीचे आठ महिने ज्याचं त्याचं पडेल ते काम करायचा. तीन मुली बघितल्या, तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न आला, नोकरी काय. चौथ्या ठिकाणी पहिल्यांदा कुणी हो म्हटलं होतं, आणि सुखदेव महिनाभर घरात गाणी म्हणत हिंडत होता. आता जिनिंगवर बोट ठेवलं की नोकरी गेली, नोकरी गेली की इंदू गेली. पोराची छाती जवान आहे, हिरामणनं मनाशी म्हटलं. वीस वर्षांत मशिनी बदलतील. तोंडाला फडकं बांधेल. आणि आपण आहोतच की गेलेले.

"लिही," तो म्हणाला. "दहा."

"दहा काय?"

"बिड्या. रोज दहा. चोरून वढत होतो."

मनोहरच्या हातून पेन पडलं. पाचवं शील मोडलं हे सांगण्यासाठी हिरामणनं त्या क्षणी चौथं मोडलं. आयुष्यातलं पहिलं खोटं असल्यामुळे त्याला ते धड जमलंही नाही. बोलताना तो छताकडे बघत होता. पण ते कुणी बघितलंच नाही, कारण देवकाबाई उभी राहिली होती.

"कुठं वढत होते?"

"इकडं तिकडं."

"इकडं तिकडं म्हणजे? छत्तीस वर्षं माह्या नाकाले पत्ता नाई? म्हणजे विहारातून उशिरा येत होते ते..."

"हो. तेच."

"अन मले म्हणत होते, मीटिंग होती!" देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बिडीचं दुःख नव्हतं. नवऱ्यानं तिच्यापासून काही लपवलं, आणि तेही इतकी वर्षं, इतकं बेमालूम, याचा तिला अपमान वाटत होता. गुणवंता मात्र भावाकडे नव्या आदरानं बघत होता.

"दादा, कोणती वढत होता? सांगितलं असतं तं दोघं मिळून वढली असती!"

"दहा?" दारातून कुणीतरी म्हणालं.

चिवड्याचा पुडा छातीशी धरून शालिकराम उंबऱ्यावर उभा होता. जय भीम कुणीच केला नाही. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक, पण ऐकायचं तेवढं त्यानं ऐकलं होतं.

"या, इवाईबुवा, बसा," मनोहर गडबडीनं उठला.

"बसतो मंग." शालिकराम हिरामणपुढं जाऊन उभा राहिला. मोठ्या मिशांचा धिप्पाड माणूस, पण आवाज रडवेला झालेला. "अठ्ठावन साली मोहगावले सभा होती. तुमी बोलले. मी तवा नवाजवान होतो, दिवसाले दोन बंडलं लागत. तुमचं आयकून मी खिशातलं बंडल नाल्यात फेकलं. भरलेलं होतं! माचिस बी फेकली. तवापासून अठ्ठावीस वर्षं झाली. अजून जेवण झालं की माहा हात खिशात जाते. मी रिकामा खिसा चाचपून झोपतो. कामावर बाबूलोक वढते तं मी त्यायच्या खिडकीखाली उभा राहतो, वास घ्याले. पोरगी या घरात कायले देऊन राहिलो मी? नोकरी तं हायेच, पण माणूस बिनधुराचा म्हणून! अन तुमी... तुमी वढून राहिले होते?"

हिरामणनं मान खाली घातली. आपण कुठं फसलो हे त्याला आत्ता कळत होतं. जिनिंग म्हणावं तर नोकरी जाते, बिडी म्हणावं तर अब्रू जाते, आणि दोन्ही वाटांनी इंदू जातेच.

"हे... हे तसं नाई," मनोहर म्हणाला. "म्हणजे चुलीचा बी धूर होता."

"माही चूल मधी नको आणू!" देवकाबाई ओरडली.

"नाई तं माह्या बिड्या धरा," गुणवंतानं मोठ्या मनानं सांगितलं. "इवाईबुवा, मी दादाच्या तोंडावर चाळीस वर्षं धूर सोडला. माहं नाव टाका. मले काई फरक नाई पडत."

"मले दुसऱ्याचं नाव नाई पाह्यजे." शालिकरामनं गुणवंताच्या कानावरची बिडी उचलली आणि हिरामणच्या हातात दिली. "वढून दाखवा. माह्यासमोर. एकदा डोळ्यानं पाहू द्या, म्हणजे माहं मन मोकळं होईन."

हिरामणनं बिडी तोंडात धरली. उलटी धरली. गुणवंतानं तोंडावर हात दाबला. हिरामणनं काडी ओढली, ती बिडीला लावली आणि आत ओढायच्या ऐवजी चूल पेटवावी तसं त्यानं फुंकलं. बिडी तोंडातून सुटून मांडीवर पडली. मालतीला हसू फुटलं. मनोहर हसला, सुखदेव हसला, देवकाबाई डोळे पुसत हसली, आणि शालिकरामच्या मिशाही हलू लागल्या. छत्तीस वर्षांचा चोरटा बिडीबाज त्यांच्यापुढं बसला होता!

काडी अजून हिरामणच्या बोटांत जळत होती. ती विझवायला त्यानं फुंकर मारली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा उभी राहिली. त्यानं परत फुंकलं, खांदे वर ओढून, गळ्याच्या शिरा ताणून. ज्योत नुसती हलली. हसणं एकेकाचं थांबत गेलं. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा छातीतून शिटीसारखा बारीक आवाज आला आणि ज्योत बोटांपर्यंत आली. सुखदेवनं पुढं होऊन दोन बोटांनी काडी चिमटली आणि विझवली.

नागपूरच्या मशीनचा काटा आत्ता सगळ्यांनी बघितला होता.

"तुमी कधीच नाई वढली," देवकाबाई हळूच म्हणाली. ती त्याच्याजवळ खाली बसली. "कायले खोटं बोल्ले?" मग तिची नजर सुखदेवकडे गेली आणि तिला उत्तर मिळालं. "याच्या नोकरीसाठी. रुईचं नाव नाई आलं पाह्यजे म्हणून. हो ना? अन हा तिथं चौतीस वर्षं काढन, मंग याची बायको काडी विझवन याची. असंच ना?"

हिरामण नुसत्या धापा टाकत होता.

शालिकराम मटकन सतरंजीवर बसला. चिवड्याचा पुडा त्याच्याखाली आला, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "म्हणजे माहे अठ्ठावीस वर्षं फुकट नाई गेले," तो स्वतःशीच म्हणाला. त्याच्या मनावरून मोठं ओझं उतरलं. मग दुसरं चढलं. "पण मंग नोकरी?"

"मी उद्या जात नाई," सुखदेव म्हणाला.

"तुले कोणं विचारलं?" हिरामणला आवाज सापडला.

"नाई विचारलं तरी नाई जात. पेट्या ठोकीन. मालधक्क्यावर काकाजीसंग पोती उचलीन." त्याला शालिकरामकडे बघवत नव्हतं. "ज्याले पटन त्यानं पोरगी द्यावी."

मनोहरनं पेन उचललं. काही तरी करायला हवं म्हणून तो कागद वाचू लागला. बिड्यांपुढं त्यानं 'नाही' लिहिलं. गुळाचं लिहायला जागा नव्हती. सातव्याशी येऊन तो थांबला, तर देवकाबाईच म्हणाली, "लिही, खिडकी नाई. अन खाली लिही, पाडून राहिलो म्हणून." मालतीनं पदर तोंडाशी नेला. मांजराचं नाव कुणी काढलं नाही.

"शेवटचा सवाल," मनोहर म्हणाला. "घरातलं दुसरं कोणी तेच काम करते काय, किंवा करणार हाये काय?"

सगळे हिरामणकडे बघत होते. जागा त्याची होती, मुकादमाला शब्द त्यानं दिला होता, आणि समोर बसलेल्या माणसालाही त्यानंच. हिरामणनं बराच वेळ श्वास गोळा केला.

"लिही, नाई. कोणी नाई."

मनोहरनं लिहिलं. शालिकराम उठला, खालचा पुडा बघितला आणि चपटा झालेला तो तसाच देवकाबाईच्या हातात दिला. "इंदूची माय म्हणाली होती, नोकरी पक्की नसन तं तारीख न काढता वापस ये. आता तिच्यासमोर मी एकटा कसा जाऊ? तिचा सभाव तुमाले माहीत नाई."

"तुमी कायले सांगता?" हिरामण सदरा शोधत होता, तो बादलीत होता, त्यानं मनोहरचा घातला. "खोटं मी बोल्लो. सांगाले बी मीच येतो. चाला."

कुणी अडवलं नाही. अडवून उपयोग नाही, हे देवकाबाईला छत्तीस वर्षांत कळलेलं होतं.

बसस्टँड घरापासून दहा मिनिटांवर. हिरामणला वीस पावलांनंतर पहिल्यांदा थांबावं लागलं. शालिकरामही थांबला आणि खाली वाकून चपलेचा अंगठा बघू लागला. पुढं पिठाच्या गिरणीपाशी हिरामण थांबला, तर शालिकराम गिरणीवरची पाटी वाचू लागला. पाटीवर एकच ओळ होती, ती त्यानं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा हिरामण एका ओट्यावर बसलाच. तिथून स्टँड दिसत होता. सौंसरची बस उभी होती, कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता.

"तुमी व्हा पुढं," हिरामण म्हणाला. "मी दुसरीनं येतो."

शालिकराम त्याच्या शेजारी बसला. बसनं आवाज केला, वळली आणि धूळ उडवत निघून गेली. हिरामणनं नाकाला उपरणं लावलं.

"इवाईबुवा, एक बोलू?" श्वास बसल्यावर तो म्हणाला. "सोयरीक मोडाची असन तं इथंच सांगून टाका. बाईमाणसासमोर नको. सुखदेवले मी समजावीन."

शालिकराम गेलेल्या बसकडे बघत राहिला. "मोडाची असती," तो म्हणाला, "तं मी बस सोडली असती काय?"